स्टेरिंग अक्काकडं

गंगाक्काच्या दुकानात नमुना न घेता आलेल्या बाईला बसायला स्टूल मिळत नसे.

"अस्तर पायजे होतं अक्का, चटणी रंगाचं."

"कुणाच्या घरची चटणी? शेंगाची का कारळाची?"

बाई हसायची. अक्का हसायची नाही. रंगाला नाव देणं ही तिच्या मते व्यापाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेली लबाडी होती. चटणी, आनंदी, राणी, मोरपंखी, ही नावं कानावर पडली की ती माशी उडवल्यासारखा हात करायची. "घरी जा. साडीची चिंधी घेऊन ये. वरची नको, ती ऊन खाल्लेली आसती. शिवणीच्या आतली आण."

चिंधी आली की ती घेऊन अक्का दुकानाच्या पायरीवर उतरायची, उन्हात धरायची आणि डोळे अर्धे मिटून अंगठा आणि बोटात चोळायची. कापडाचा रंग बोटानं कसा कळतो ते मला कधीच समजलं नाही. विचारलं तर म्हणायची, "डोळा फसतंय. बोट न्हाई फसत." आणि खरं सांगायचं तर तिनं दिलेलं अस्तर परत करायला आलेली बाई मी बघितलेली नाही. तिला भीत असतील, हेही शक्य आहे.

आमच्या राजेश्वर गावच्या स्टँडसमोर तिचं मॅचिंग सेंटर होतं. अस्तर, फॉल, हुक, लेस, बटणं, आणि कोपऱ्यात पायानं चालवायची शिलाई मशीन. तिच्या भिंतीला लागून माझं दुकान, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं. मी बी.एस्सी. झालेली, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी आजही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. पदवीचा कागद फ्रेम करून झेरॉक्स मशीनच्या वर लावला होता. अक्कानं तो पहिल्या दिवशी नीट बघितला, काचेवर बोट फिरवलं आणि त्या दिवसापासून माझं नाव 'डिग्री' पडलं.

"ए डिग्री, चहा प्यालीस का?"

"डिग्री, लाईट कवा यायचंय?" जसं काही ते त्या कागदावर लिहिलेलं आहे.

अक्काचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्याबद्दल ती बोलत नसे, म्हणून मीही लिहीत नाही. घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ शरणू. शरणू हुमनाबाद ते बसवकल्याण क्रूझर जीप चालवायचा. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही, तोवर काय करायचं, म्हणून त्यानं हातात धरून खेळायचा एक सेकंडहँड गेम घेतला होता. मोठ्या मोबाइलएवढा, दोन्ही बाजूंना बटणं. त्यात एक घाटातला ट्रक होता. स्टँडवर पॅसेंजर ओरडायचे, "शरणू, चल की," आणि तो म्हणायचा, "थांबा, एवढा घाट चढून येतो."

मग हुमनाबादच्या अलीकडे त्याची क्रूझर उलटली. गाडीत दुसरं कुणी नव्हतं, हे नशीब. शरणूचा जीव वाचला, पण डावा हात खांद्यापासून गेला. कापावा लागला नाही, नुसता लोंबत राहिला. आतल्या शिरा तुटल्या, आता तो हलायचा नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. एकतीस वर्षांचा गडी दुकानामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला. अकरा महिने त्यानं अक्काकडे काही मागितलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर तेसुद्धा नाही. अक्का मुद्दाम कमी घालून बघायची.

अकराव्या महिन्यात एका दुपारी त्यानं ट्रंकेतून तो गेम काढला. उजव्या हातानं चालू केला. उजवीकडच्या बटणांनी ट्रकचा वेग आणि ब्रेक होता, डावीकडच्या बारीक दांडीनं स्टेरिंग. त्या दांडीला जॉयस्टिक म्हणतात. एका हातानं ट्रक निघाला आणि पहिल्याच वळणाला सरळ दरीत गेला. दोनदा गेला. मग त्यानं हाक मारली, "अक्का, जरा डावा अंगठा दे."

अक्का हातातली कात्री ठेवून गेली. त्याच्या डाव्या अंगाला बसली आणि दांडीवर अंगठा ठेवला. अशी त्या दोघांची एक गाडी सुरू झाली. वेग आणि ब्रेक शरणूकडं, स्टेरिंग अक्काकडं.

मधली भिंत पातळ होती. मला सगळं ऐकू यायचं.

"डावीकडं घे. डावीकडं."

"किती? वीतभर का बोटभर?"

"अक्का, ट्रक हाय, ब्लाउज न्हाई. वळीव."

"समोरनं मोटरसायकल यायलीय ना."

"तिला मी बगतो, ब्रेक माझ्याकडं हाय. तू वळीव."

"आधी ती जाऊ दे की. कुणाचं तर लेकरू आसंल."

मग धडाम. अक्का सायकलसुद्धा शिकलेली नव्हती. वळण आलं की ती आधी थांबून विचार करायची, कापायच्या आधी कापड बघतात तसं. घाट काही थांबत नाही. पण शरणू ओरडत होता, आणि अकरा महिन्यांनंतर त्याचा आवाज भिंतीतून येत होता, म्हणून गिऱ्हाइकांना उभं ठेवून अक्का आत बसलेली असायची. एखादी बाई कुरकुरली तर आतूनच म्हणायची, "थांब गे, घाटात हाय मी."

दीड महिना असं चाललं. एक दिवस ट्रक सातव्यांदा दरीत गेला. शरणूनं गेम गादीवर ठेवला. ओरडला नाही. हळू म्हणाला, "अक्का, गाडी माझी मला चालवता आली पायजे. न्हाईतर नको." आणि परत भिंतीकडे वळला.

अक्का तो गेम टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आली. टेबलावर ठेवला.

"डिग्री, ह्याची शिवण उसव."

मी बारीक स्क्रूड्रायव्हरनं उघडला. आत काय आहे ते तिला दाखवलं. जॉयस्टिकखाली नखाएवढा डबा असतो. दांडी हलली की त्यातला करंट कमीजास्त होतो आणि यंत्राला दिशा कळते. ती दांडी काढून वायर लावून लांब कुठंही नेली तरी चालते, असं मी सांगितलं. उजव्या हाताजवळ नेऊ या, असा माझा विचार. अक्कानं स्वतःचा उजवा अंगठा बघितला. "एक अंगठा ब्रेक दाबंल का स्टेरिंग वळवंल?" मग तिनं पायरीवर जाऊन शेजारी, स्वतःच्या दुकानातल्या मशीनकडे बघितलं.

"पाय हाईत की त्याला. मी काय हातानं मशीन चालवते व्हय?"

पायानं स्टेरिंग. कल्पना तिची, हे मी मान्य करते. पण जुनी जॉयस्टिक शरणूच्या वर्षांच्या घासण्यानं आणि अक्काच्या दाबण्यानं खिळखिळी झाली होती. पायाचा भार तिला झेपणार नव्हता. नवी लागणार. एवढंच लागणार, एक नखाएवढा डबा. त्या एका डब्यापायी आमचं जवळजवळ वर्ष गेलं.

बसवकल्याणला मोबाइल दुरुस्तीवाले खाजाभाई होते. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि परत दिलं. "ये माल इधर नै मिलता अक्का. हैदराबाद देखना पड़ता." हैदराबादला जायचं तर दुकान बंद ठेवून शरणूला एकटं सोडावं लागलं असतं. ते तिला नको होतं. मी म्हटलं, मी करंट मोजायच्या मीटरनं माप घेते, नंबर लिहिते, ऑनलाइन मागवू. माप घेतलंही. वहीत तारीख घालून लिहिलं, कॉलेजच्या प्रयोगवहीसारखं.

"नंबर म्हंजे चटणी रंग," अक्का म्हणाली. "नमुना पाठवायचा."

आमच्याकडे बांगड्यांचं माप दोऱ्यानं पाठवतात, चपलेचं माप कागदावर पाऊल काढून पाठवतात. तसं तिनं ती जॉयस्टिक काडेपेटीत घालून जाईल त्याच्याबरोबर पाठवायला सुरुवात केली. लातूरला जाणाऱ्या गुरुजींबरोबर, सोलापूरला दवाखान्यात जाणाऱ्यांबरोबर. काडेपेटी परत यायची, सोबत काहीतरी यायचं. एकदा टीव्हीच्या रिमोटचं बटण. एकदा हुबेहूब तशीच दिसणारी जॉयस्टिक, जी लावल्यावर ट्रक उजवीकडे म्हटलं की वर जायचा. अक्कानं ती बोटात चोळली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ह्येच हाय." मी मीटर लावून दाखवलं की हे नाही.

"बोटाला तर तेच लागायलंय."

"अक्का, आतलं बोटाला कळत न्हाई."

ती रागावली. दोन दिवस मला चहा आला नाही. माझाही राग गेला नाही. नंबर लिहिलेली वही समोर असताना ही बाई काडेपेट्या पाठवत होती. गावातले टोमणे वेगळेच. "तीस वर्षाच्या गड्याला खेळणं लागतंय व्हय अक्का?" असं स्टँडवर कुणी विचारलं तर ती म्हणायची, "तुमी पत्ते खेळताव ते काय शेतीचं काम हाय?" तोंडावर बोलायची, पण आत येऊन मशीन चालवायची तेव्हा सुई तुटायची.

आणि मग ती विभूतीची डबी.

सोलापूरहून काडेपेटी चेपून आली होती, म्हणून अक्कानं घरातली पितळेची विभूतीची डबी रिकामी करून घासली, कापूस घातला आणि जॉयस्टिक त्यात ठेवली. आमच्या गल्लीतल्या बसम्मा काकी लेकीच्या बाळंतपणासाठी हैदराबादला निघाल्या होत्या. जावई तिथल्या इलेक्ट्रॉनिक बाजाराजवळ कामाला. अक्कानं डबी काकींच्या हातात दिली. "जावयाला द्या, म्हणावं असंच पायजे. मी फोन करून सांगते सगळं." फोन केला तर जावई कामासाठी महिनाभर विजयवाड्याला. आल्यावर बघतो म्हणाला.

काकींनी डबी लेकीच्या सासूकडे दिली. गावाकडून आलेली विभूतीची डबी. ती कुठं ठेवतात? देवघरात. उघडायची कुणाला गरज वाटली नाही; विभूतीच्या डबीत विभूतीच असणार. पाच आठवडे तिच्यापुढे रोज दिवा लागला, उदबत्ती फिरली. इकडे शरणूचं मन वळलं असतं तरी गेमला डावी दांडीच नाही, म्हणून अक्काचा अंगठाही बेकार. भिंतीतून काही आवाज येईना. शरणू ताट अर्धं ठेवू लागला. अक्का फोन करायची, जावई म्हणायचा, उद्या.

बाळाचं बारसं झालं, घरातली विभूती संपली आणि सासूनं ती डबी उघडली. कापसावर काळी, तारेच्या पायांची काहीतरी वस्तू. काय आहे ते कळलं नाही, पण पाच आठवडे पूजा झालेली वस्तू कचऱ्यात तर टाकता येत नाही. निर्माल्यात घातली. निर्माल्य पाण्यात गेलं. डबी धुऊन, तिच्यात नवी विभूती भरून, काकींबरोबर मानानं परत पाठवली.

अक्कानं माझ्यासमोर डबी उघडली. बराच वेळ त्या राखेत बोट घालून बघत राहिली. मला वाटलं आता ही काकींच्या घरी जाऊन भांडणार. ती म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? डबी बगून वस्तू वळखली त्यांनी. नावावरनं वळखल्यासारखंच झालं." मग बोटाला लागलेली विभूती तिनं कपाळाला लावली, कारण तीही वाया कशाला. आणि म्हणाली, "डिग्री, मागीव तुझा नंबर."

मी जिंकले होते. मला तेव्हा तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

पार्सलनं माझी जिरवली. कुरियर हुमनाबादपर्यंत यायचं. तिथून मोबाइलवर निरोप यायचा: पत्ता सापडला नाही. मी तीन फुटी बोर्डाखाली, स्टँडसमोर, दिवसभर दुकान उघडून बसलेली, आणि पत्ता सापडला नाही. फोन केला तर पलीकडचा विचारायचा, "कोणतं राजेश्वर?" दुसऱ्यांदा मागवलं, दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः बसनं हुमनाबादला गेले. त्यांनी सकाळीच परत पाठवलं होतं. मी तिथल्या माणसाला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कॉलेजात ते शिकवत नाहीत.

चौथं पार्सल आलं. मी वायरी जोडल्या, अक्कानं शरणूला उठवून बसवलं. गेम चालू झाला. आणि ट्रक, कुणी हात लावला नसताना, आपला आपण डावीकडे वळायला लागला. थांबवला तरी चाकं डावीकडे. शरणूनं बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे तर माज्या क्रूझरसारखंच करायलंय," तो म्हणाला आणि गेम बंद केला. क्रूझर उलटली ती डाव्या अंगाला.

मी वही काढली. आकडे बरोबर होते. मग उशिरानं डोक्यात उजेड पडला. खिळखिळ्या, झिजलेल्या तुकड्याचं माप मी शंभर टक्के बरोबर घेतलं होतं. त्याच मापाचा माल शोधून मागवला होता. अक्काला ते सांगावंच लागलं. मला वाटलं ती टोमणा मारेल.

"ऊन खाल्लेली चिंधी घेतलीस व्हय," एवढंच म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आता नमुना पाण्यात, माप चुकीचं, आणि शरणू विचारतही नव्हता. अक्काचं बोलणं कमी झालं. बायका नमुना न घेता यायला लागल्या आणि ती त्यांना काढून द्यायला लागली. "चटणी रंग अक्का." "घे." मला ते बघवत नव्हतं. ऑनलाइन अर्ज भरायला आलेल्या लोकांवर मी खेकसायचे.

अशातच निर्णा गावाहून एक बाई साडी घेऊन आली. लेकीच्या लग्नाची साडी, तिच्यातला ब्लाउजपीस प्रवासात हरवला होता. हुमनाबाद, बिदर सगळं पालथं घालून आलेली. त्या जरीचं मॅचिंग कुठंच मिळेना. बाई रडकुंडीला आलेली. मी दाराशी उभी होते. अक्कानं साडीचं टोक बोटात चोळलं.

"बाजारात न्हाई मिळायची ही. कामून फिरायलीस गावोगाव? आतल्या टोकातनं काप. कमरेला खोचतीस तिथलं. तिथं साधं कापड जोडून देते. कुणाला दिसतंय?"

बाईचा जीव भांड्यात पडला. अक्कानं कात्री घेतली, टोक सरळ केलं, आणि कात्री तशीच उघडी राहिली. ती माझ्याकडे बघत होती.

"डिग्री, त्या गेमला उजव्या अंगाला पण एक दांडी हाय न्हव?"

"हाय."

"ती कशाला लागतीय?"

"ट्रकमधून आजूबाजूला बघायला."

"शरणू बगतो व्हय आजूबाजूला?"

तो नाही बघायचा. त्याच्या घाटात फक्त रस्ता होता. ती दांडी त्यानं कधी वापरलीच नव्हती. जवळजवळ कोरी, त्याच मापाची, त्याच कंपनीची, डावीपासून चार बोटं अंतरावर. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर. मी तो गेम निदान वीस वेळा उघडला होता.

"मग ती काप," अक्का म्हणाली आणि साडीकडे वळली.

मी माझ्या दुकानात गेले. वर फ्रेम होती. त्या दिवशी मी मान खाली घालूनच वायर शोधली.

पुढचं काम चार दिवसांचं. मी उजवी जॉयस्टिक काढली आणि डावीच्या जागेवरून लांब वायर टाकून तिला जोडली. अक्कानं दोऱ्याच्या रिळांची लाकडी पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडून दांडी वर काढली आणि दांडीवर कोटाचं मोठं बटण चिकटवलं. पायाच्या दाबानं दांडी मोडू नये म्हणून भोवती जुन्या चपलेच्या रबराची कडी बसवली. मग शरणूची ट्रायल. ती गिऱ्हाइकाला घेते तशीच, तोंडात टाचण्या धरून.

"ऊठ. बस. पाय ताण. आता ढिल्ला सोड."

"अक्का, पायानं ब्रेक आसतंय, हातानं स्टेरिंग. तू सगळं उलटं करायलीस."

"उलट्या बाजूनंच शिवत्यात कपडा. बस गप."

रबर जाड झालं, तिनं उसवलं. पातळ झालं, परत उसवलं. शरणू वैतागायचा, मी वैतागायचे; तीही वैतागलेली असायची, पण तिचे हात वैतागत नव्हते. तिसऱ्या रबराला बटण त्याच्या अंगठ्याखाली नेमकं बसलं. पायाच्या अंगठ्याखाली.

ट्रक निघाला. पहिल्या वळणाला दगडाला घासला. दुसऱ्याला वाचला. घाट सुरू झाला तसा शरणू पुढे वाकला. अक्का त्याच्या डाव्या अंगाला, नेहमीच्या जागी उभी. वळण आलं की तिचे ओठ हलायचे, आवाज नाही. मी दारात. वर एक देऊळ दिसतं, तिथवर ट्रक गेला की घाट संपतो. अक्काच्या अंगठ्यानं तो तिथवर कधीच पोचला नव्हता. त्या दिवशी पोचला नाही, पण शेवटच्या वळणापर्यंत गेला. दरीत पडला तसा शरणूनं लगेच परत सुरू केला. मान वर न करता म्हणाला,

"अक्का, बाजूला हो. उजेड अडतोय."

ती बाजूला झाली. मग दुकानात आली, गादी झटकली, मीटरपट्टी सरळ ठेवली. मी तिच्या मागोमाग आले.

"बरं झालं," ती म्हणाली. "माझा अंगठा काय सरकारी हाय व्हय. आता तरी दुकान चालंल."

दुकान चाललं. भिंतीतून ट्रकचा हॉर्न यायचा, माणसाचा आवाज नाही. ओरडायला कुणी उरलं नव्हतं. देवळापर्यंत शरणू किती दिवसांनी पोचला ते मला ठाऊक नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण तो संध्याकाळी स्टँडवर चहाला जायला लागला. डावा हात खिशात खोचून. क्रूझरवाल्यांना वळण कसं घ्यायचं ते सांगायला लागला आणि ते त्याला शिव्या द्यायला लागले. अक्का ते पायरीवरून बघायची. पुन्हा बायकांना नमुन्यासाठी घरी पाठवायला लागली.

त्याच वर्षी मला कडगंचीला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. आमच्या घरातली पहिली सरकारी पगाराची नोकरी, तेही सांगून ठेवते. दुकान आवरलं, फ्रेम कागदात गुंडाळली. निघताना अक्काकडे गेले. पाया पडायला वाकले तर तिनं खांद्याला धरून वर केलं आणि माझ्या ओढणीचं टोक बोटात चोळलं.

"जा. गावचा नमुना जायलाय. निर्माल्यात पडू नको म्हंजे झालं."

बस स्टँडात उभी होती. मला डाव्या बाजूची खिडकी मिळाली. तिथून तिचं दुकान सरळ दिसत होतं. समोर एक बाई उभी, गल्ल्याच्या काचेवर अस्तराचा तागा उलगडलेला, अक्काच्या उजव्या हातात मीटरपट्टी. ड्रायव्हरनं बस मागे घेतली, मग पुढे. वळायच्या जागी दोन रिक्षा आणि एक उसाची बैलगाडी आडवी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत थोडं थोडं डावीकडे घेत होता.

अक्कानं मान वर केली. मला वाटलं ती माझ्याकडे बघते आहे, मी हात हलवला. ती माझ्याकडे बघत नव्हती. बसच्या पुढच्या चाकाकडे बघत होती. बाई तिच्याशी बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं. काचेवर टेकलेला तिचा डावा अंगठा डावीकडे सरकत होता, बोटभर, थांबून, परत बोटभर. बैलगाडी हलली, बस सुटली आणि रस्त्याला लागली. तेव्हा कुठं तिनं अंगठा उचलला आणि कापड मोजायला घेतलं.